दहा बाय आठची खोली

४ नोव्हेंबर

चि. ठमी,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण सध्या तुला ते नको असतील, म्हणून राहू दे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस हे निळ्या खुणांवरून कळतं, उत्तर मात्र येत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. वाचलंस की फाडलंस, लिहिणाऱ्याला पत्ता लागत नाही.

एक गोष्ट कबूल करायची आहे. मी निवृत्त झालो तेव्हा तू पाठवलेले ते उभे, कमरेएवढे स्पीकर आता घरात नाहीत. जुलैमध्ये मी ते बदलले. आई गेल्यावर तू आठ दिवस इथे होतीस, पण त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस, म्हणून तुला दिसलं नाही. मीही बोललो नाही. तू किती हौसेने पाठवले होतेस ते मला माहीत आहे. खोक्यावर चिठ्ठी होती, 'आता रडका ट्रान्झिस्टर बंद'. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, स्पीकर ठेवले नाहीत.

नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणशील. पण इथे अंगण खरंच वाकडं होतं. तुझी अभ्यासाची खोली दहा बाय आठ. तिच्यात एवढे मोठे स्पीकर म्हणजे रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलण्यातली गत. खालचे सूर कोपऱ्यांत जाऊन फुगायचे आणि गाणारीचा आवाज त्यात बुडून जायचा. तुझी आई पलीकडच्या खोलीत पडून ऐकायची. पक्षाघातानंतर तिचे शब्द एकेक करून यायचे, पण टोमणे शाबूत होते. तिचं करायला सेविका पुरवणाऱ्या संस्थेने पाठवलेली मावशी दारात येऊन निरोप द्यायची, "काका, काकू विचारतायत, गाणं लावलंय की गिरणी चालू केलीय?"

शेवटी मी बोळ्याला बोलावलं. हा जुन्या-नव्या साउंड सिस्टिमचा दुकानदार. रस्त्यावरून चालताना तो कानांत कापसाचे बोळे घालतो, कान दुकानासाठी राखून ठेवतो, म्हणून त्याला सगळेच बोळा म्हणतात. तो खोलीच्या चारही कोपऱ्यांत उभा राहून टाळ्या वाजवत फिरला. मग म्हणाला, "साहेब, हत्तीला बाजेवर झोपवलंत तुम्ही. खोलीला पचेल तेवढंच द्या." त्याने तुझे स्पीकर घेतले आणि वीतभर रुंदीचे दोन लहान डबे दिले, लोखंडी स्टँडवर ठेवायचे. खाली गालिचा, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, दाराच्या फटींना रबराची पट्टी. आणि मांडणी बदलायला सांगितली.

मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. मांडणी म्हटलं की माझा हात आपोआप ग्राफ पेपरकडे जातो. खोलीचा नकाशा काढला, खुर्ची, स्टँड, कपाट सगळं मापात. तुझी आई म्हणाली, "घर... बांधताय?"

संस्थेकडून तक्रारीचा अर्ज आला आहे. मावशी वेळेआधी निघून गेली, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला एकटं टाकलं, त्यात रुग्ण दगावला, असं त्यात लिहिलं आहे. खाली तुझी सही आहे. माझ्या सहीची जागा रिकामी आहे. सुनावणी २८ तारखेला. अर्ज टेबलावर ठेवला आहे, वर चष्म्याची डबी.

तुझा,
बाबा

११ नोव्हेंबर

चि. ठमी,

चार महिन्यांनी तुझा मेसेज आला. 'स्पीकर गेले तर गेले. अर्जावर सही करा. आईसाठी एवढं तरी करा.' मी तो तीनदा वाचला. तुझा आवाज ऐकल्यासारखं वाटलं, रागावलेला का होईना.

सही न करण्याचं कारण तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. मावशी चौदा महिने आपल्याकडे होती. तुझ्या आईला उचलून बसवणं, पुसणं, भरवणं, केस विंचरणं, सगळं तिने केलं. बोलायला फटकळ आहे, हे खरं. मी गाणं ऐकताना तिने भांडी आपटली म्हणून मी एकदा बोललो, तर म्हणाली, "भांडी मुकी असती तर तुमच्यासारखी नुसती बसून राहिली असती." तुझी आई त्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. मावशीने तिला एका हाताने कुशीवर वळवलं, पाठ चोळली, दुसऱ्या हाताने तोंड पुसलं. मी नुसता बघत उभा होतो.

परवा ती मला दिसली. स्टेशनरीच्या दुकानासमोर जी लॉन्ड्री आहे, तिथे ती आता चादरींच्या घड्या घालते. संस्थेने सुनावणी होईपर्यंत तिला काम द्यायचं थांबवलं आहे. मी पलीकडच्या फुटपाथवर गेलो. तिने पाहिलं असावं, पण हाक मारली नाही.

१४ जुलैचं तुला सगळं माहीत आहे. मी औषधं आणायला गेलो होतो. दुकानात रांग होती, एक गोळी मिळत नव्हती म्हणून पुढच्या चौकात जावं लागलं. परत आलो तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले की उलटी घशात अडकली, कुणी जवळ असतं आणि नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी निभावलं असतं. त्यावर तू मावशीला विचारलंस, "तुम्ही होतात कुठे?" ती म्हणाली, "काकांनीच अडीचला घरी जा म्हणून सांगितलं. ते घरात होते." तू तिला खोटारडी म्हणालीस. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो.

तुला आठवतंय का, सुरुवातीला तुझ्या आईच्या उशाशी घंटेचं बटण होतं? ते मी काढायला लावलं. ऐन गाण्यात घंटा खणखणली की माझ्या कपाळात जायची. वायरमनला बोलावून मी तिच्या डाव्या हाताशी, पलंगाच्या दांडीवर, एक साधं बटण बसवून घेतलं. ते दाबलं की माझ्या खोलीत दारावर लाल दिवा लागायचा आणि बटण वर करेपर्यंत तसाच राहायचा. तेव्हा स्पीकर दाराकडच्या भिंतीला होते, त्यामुळे दिवा अगदी माझ्या समोर. डोळे मिटले तरी पापण्यांवर लाल यायचं. तुझ्या आईला ते आवडलं होतं. म्हणाली, "मी... सिग्नल झाले. लाल लागला की... थांबायचं." आणि मी थांबायचो. हे मात्र लक्षात ठेव, दोन वर्षांत एकदाही असं झालं नाही की दिवा लागला आणि मी उठलो नाही.

हे का लिहितोय ते मलाही नीट सांगता येत नाही. थांबतो.

तुझा,
बाबा

१५ नोव्हेंबर

ठमी,

रांग नव्हती. मी औषधाच्या दुकानात गेलोच नव्हतो.

आज एवढंच लिहून होतंय. हे पाकीट मी लगेच टाकून येतो, नाहीतर उद्या फाडून टाकीन.

बाबा

१७ नोव्हेंबर

चि. ठमी,

परवाचं पाकीट पेटीत पडलं तेव्हा त्याचा आवाज ऐकला आणि वाटलं, आता सुटका नाही. तेव्हा आता पहिल्यापासून सांगतो. मध्ये कुठे स्वतःची बाजू घेताना दिसलो तर ते ओळखून बाजूला कर.

१३ जुलैला बोळ्याचा माणूस नवे स्पीकर ठेवून गेला. १४ ला सकाळी मी खोली उलटी फिरवली. दाराकडच्या भिंतीला एका बाजूला कोपरा आणि दुसऱ्या बाजूला दार, त्यामुळे डावीकडचा आवाज जाड आणि उजवीकडचा पातळ यायचा. खिडकीची भिंत दोन्हीकडे सारखी. म्हणून स्पीकर खिडकीशी नेले आणि खुर्ची फिरवून त्यांच्याकडे तोंड केलं. सगळं नकाशाबरहुकूम. मिलिमीटरचाही फरक नाही.

नकाशा वरून पाहिलेला असतो, ठमी. जमिनीवर काय ठेवलंय ते त्यात दिसतं. भिंतीवर काय टांगलंय ते दिसत नाही. त्यासाठी समोरून वेगळा नकाशा काढावा लागतो, हे मी हाताखालच्या पोरांना चौतीस वर्षं शिकवत आलो. घरच्या कामाला कशाला हवा दुसरा नकाशा, म्हणून मी काढला नाही. दारावरचा दिवा कागदावर नव्हता. खुर्ची फिरली आणि तो माझ्या डोक्यामागे गेला. मी एकदाही मान वळवून पाहिलं नाही. कागदावर सगळं जिथल्या तिथे होतं, आणि जन्मभर मी खोलीपेक्षा कागदावरच जास्त विश्वास ठेवला.

दुपारी मावशीने आईला भरवलं, औषध दिलं. ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मला स्पीकर जागेवर बसवायचे होते, त्याला शांतता लागते. मीच तिला म्हणालो, "आज लवकर गेलीस तरी चालेल, मी आहे." ती म्हणाली, "काकूंचं पोट आज ठीक नाही, जरा बघत राहा." मी म्हणालो, "बघतो की." 'मी आहे' हे शब्द मी उच्चारले होते. त्यानंतर मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही.

मी आईपाशी गेलो. तिला सांगितलं की काही लागलं तर बटण दाब. तिने डोळ्यांनी हो म्हटलं. मग मी खोलीत गेलो, दार लावलं. नवी रबराची पट्टी इतकी घट्ट बसली होती की दार लावताना कानांना दडे बसले.

तुला वाटेल, निदान गाणं तरी ऐकत होतो. तेही नाही. एका बाईचा आवाज आणि मागे एकच तारवाद्य, अशी दोन मिनिटांची एक जागा मी पुन्हा पुन्हा लावत होतो. उठायचं, स्पीकर किंचित आत सारायचा, जमिनीवर कागदी टेप चिकटवून त्यावर वेळ लिहायची, वहीत नोंद करायची, येऊन बसायचं, डोळे मिटायचे. दोन्ही स्पीकर बरोबर बसले की आवाज दोन डब्यांतून येत नाही, मधोमध माणूस उभा राहून गातोय असं वाटतं. त्या एका माणसासाठी मी अडीच तास उठबस करत होतो.

वही माझ्यापुढे आहे. त्यात मी कधी खोटं लिहिलं नाही, ती सवयच नाही. ३:२०, डावा दहा मिलिमीटर मागे, फरक नाही. ३:४०, उजवा आत वळवला, बरा. ४:०५, उजवा आणखी बारा मिलिमीटर आत. आवाज मधोमध आला. उत्तम.

डॉक्टर म्हणाले होते, चारच्या सुमारास. वहीत त्या जागी माझ्या अक्षरात 'उत्तम' लिहिलं आहे आणि खाली रेघ मारली आहे.

पाच वाजून वीस मिनिटांनी चहा टाकावा म्हणून उठलो, दाराकडे वळलो, आणि दिवा लागलेला दिसला. तो किती वेळ लागलेला होता, हे सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. तिचं डावं मनगट दांडीवर होतं. बाकीचं मी तुला लिहिणार नाही.

शेजारचे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" मी म्हणालो, "बाहेर." एवढाच एक शब्द. तुला फोनवर सांगताना त्याचं औषधाचं दुकान झालं. तू आल्यावर त्या दुकानासमोर रांग लागली. मावशीने खरं सांगितलं तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर तिथेच निकाल लागला असता. पण तू माझ्या खांद्याला धरून उभी होतीस. लहानपण सोडलं तर तू कधी अशी माझ्या खांद्याला धरून उभी राहिली नव्हतीस. मला वाटलं, आत्ता नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तू अर्ज लिहायला घेतलास. मग मी सही करत नाही म्हणून तू म्हणालीस, "आईपेक्षा ती बाई जवळची झाली का?" आणि बॅग भरलीस. मला तुझ्यासमोर खोटं कागदावर उतरवायचं नव्हतं, आणि खरं तोंडाने बोलायचं नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चार महिने मी तसाच बसून राहिलो, आणि तेवढे महिने ती बाई चादरींच्या घड्या घालतेय.

मनाला एक समजूतही घालून ठेवली होती. मुलीला कळलं तर तिला वाटेल, मी ते मोठे स्पीकर पाठवले नसते तर हे झालंच नसतं, जन्मभर स्वतःला खाईल, म्हणून सांगत नाही. किती छान बाप. पण हे सगळं झूट आहे, ठमी. मी तुला वाचवत नव्हतो. मला भीती वाटत होती की तू माझ्याकडे बघशील. तुझ्या स्पीकरचा याच्याशी काडीचा संबंध नाही. खोली मी फिरवली.

२८ ला मी जाणार आहे. सही करायला नाही.

बाबा

२९ नोव्हेंबर

चि. ठमी,

काल गेलो होतो. लॉन्ड्रीच्या दोन गल्ल्या सोडून संस्थेचं ऑफिस आहे, जिना चढून वर. एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर सेविकांच्या फोटोंचा फलक. त्यात एका फोटोच्या जागी नुसत्या चार पिना होत्या. मावशी आधीच येऊन बसली होती. मला बघून उठली नाही, तोंडही फिरवलं नाही.

संचालिका बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला हेलपाटा पडला. तुमच्या मुलीचा काल मेल आला. तक्रार मागे घेतेय म्हणून. कारण दिलेलं नाही." आणि अर्ज फाइलमध्ये घालायला लागल्या.

म्हणजे पत्र तुला मिळालं. तू मला वाचवलंस. ते वाक्य ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला, हे लपवत नाही. घरी जावं, संपलं, असं वाटलं. मी अर्धा उठलोही. मग विचारलं, "म्हणजे यांच्या नावापुढे काय राहील?" बाई म्हणाल्या, "तक्रार आली होती, मागे घेतली गेली, एवढं." मी विचारलं, "उद्या कुणी यांच्याबद्दल चौकशी केली तर तुम्ही काय सांगाल?" त्या म्हणाल्या, "जे लिहिलंय ते. लोक मग समजायचं ते समजतात."

मी पुन्हा बसलो. वही काढली आणि जे तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. संचालिका बाई लिहून घेत होत्या, मध्ये एकदा त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वही वाचायला मागितली. मी म्हणालो, मीच वाचतो. आणि वाचताना ती ओळ आली.

मागच्या पत्रात मी तुला वहीतली एक ओळ गाळली. नोंदी मी ओळीने उतरवत गेलो आणि ती आली तेव्हा पेन उचलून पुढच्या ओळीवर ठेवलं. काल ती गाळता आली नाही, कारण मावशी माझ्या बोटाकडे बघत होती. ३:४० आणि ४:०५ च्या मध्ये लिहिलं आहे, '३:५५. ॲम्प्लिफायरच्या तोंडावर लाल चमक, डोळ्यांत येते. उद्या टेप लावणे.'

दोन्ही स्पीकरच्या मधे ठेवलेल्या ॲम्प्लिफायरचं तोंड चकचकीत आहे. त्यावर त्याचा स्वतःचाही लहानसा लाल ठिपका असतो. मला वाटलं, तोच. मी पाहिलं, ठमी. दिवा माझ्यामागे लागला आणि माझ्या समोर, हाताच्या अंतरावर दिसला. मी वैतागलो, वहीत लिहिलं आणि डोळे मिटून घेतले. अजून दहा मिनिटं होती, कदाचित जास्तच. नुसतं कुशीवर वळवायचं होतं.

संचालिका बाईंनी जबाबावर माझी सही घेतली. या वेळी मी केली. मग त्या मावशीला म्हणाल्या, "तुमचा फोटो उद्या परत लावते. सोमवारपासून काम आहे, एक आजी आहेत." मावशी म्हणाली, "नको बाई. आता कुणाच्या आईला हात लावायची भीती वाटते. चादरी बऱ्या. त्या मरत नाहीत."

जिन्यात मी तिला गाठलं. म्हणालो, "माझं चुकलं." हे शब्द किती तोकडे आहेत ते बोलल्यावर कळलं. ती एक पायरी खाली होती, कठड्याला धरून. म्हणाली, "काका, तो दिवा मी बंद केला."

मला आधी समजलंच नाही. मग तिने सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी कळल्यावर ती धावत आली होती. मी बाहेरच्या खोलीत डॉक्टरांपाशी बसलो होतो. तिला दांडीवरचं बटण खाली दाबलेलं दिसलं, माझ्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं, आत डोकावल्यावर दारावर लागलेला दिवा आणि त्याच्याकडे पाठ केलेली खुर्ची. तिला तिथेच सगळं कळलं. तिने बटण वर केलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि आईचं अंग पुसायला बसली. दुसऱ्या दिवशी तू तिला वाटेल ते बोललीस तेव्हा तिने एवढंच सांगितलं की काका घरात होते. दिव्याचा शब्द काढला नाही. तो काढला असता तर तुला पटलं असतं, तिचं काम राहिलं असतं.

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आज बोलाल, उद्या बोलाल. आणि ताई तुमच्या खांद्याला धरून उभी होती. आई गेलीच होती पोरीची. म्हटलं, बाप तरी राहू दे."

एवढं बोलून ती उतरून गेली. माझी माफी तिने घेतली नाही आणि नाकारलीही नाही. मी जिन्यात किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. वरच्या मजल्यावरचा कुणीतरी बाजूने उतरताना म्हणाला, "आजोबा, बरं वाटत नाही का?"

ठमी, दोघींनी मला झाकलं. तिने चार महिने, तू एका ओळीत. आता झाकायला काही उरलं नाही. तुला बाप ठेवायचा की नाही, ते तू ठरव. मी विचारणार नाही आणि या पत्राचं उत्तरही मागत नाही. आईसाठी एवढं तरी करा, असं तू लिहिलं होतंस. तेच आता मी तुला म्हणतो. मावशीकडे जा. फोन नको, समोर जा आणि तिला खोटारडी म्हणाल्याबद्दल बोल. माझी माफी तिने घेतली नाही, तुझी घेईल.

तिचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून आत घातला आहे. सकाळी नऊपर्यंत ती घरी असते. दार वाजवल्यावर यायला तिला वेळ लागतो, गुडघा दुखतो तिचा. आईला उचलून उचलून दुखावला आहे. तू दारातच थांब, परत फिरू नकोस.

बाबा